जीर्ण, जुनाट, याप्य : लांबलेल्या आजाराचे मराठी शब्द

आजार किती काळ टिकतो यावरून त्याला नाव देण्याची रीत अनेक भाषांत आढळते आणि मराठीत तर अशा नावांचा एक छोटासा परिवारच आहे. जीर्ण, जुनाट, दीर्घकालीन, चिरकारी, दुर्धर, असाध्य, सहव्याधी हे शब्द दवाखान्यात, वर्तमानपत्रात, शासननिर्णयात आणि घरगुती बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. मात्र ते समानार्थी नाहीत. त्यांपैकी काही आजाराचे वय सांगतात, काही त्याची चाल सांगतात, काही त्याच्या शेवटाचे भाकीत करतात, तर काही केवळ कचेरीच्या सोयीसाठी घडवलेले आहेत. आपल्या दुखण्याचा शेवट कसा होणार आहे याची कल्पना रुग्ण बहुधा कानावर पडलेल्या शब्दावरूनच बांधतो, त्यामुळे या शब्दांतील फरक हा केवळ कोशकारांचा विषय राहत नाही. औषध चालू ठेवायचे की सोडायचे, हा निर्णयही त्यावर अवलंबून असतो. या शब्दांचा अर्थ आणि त्यांचा व्यवहार, विशेषतः कोल्हापूर आणि परिसराच्या संदर्भात, तपासून पाहणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

युरोपच्या उत्तरेकडील फिनलंड देशाच्या भाषेत लांबलेल्या आजारासाठी 'पित्कॅआइकाइससाइराउस' असा एक लांबलचक जोडशब्द आहे. 'पित्कॅ' म्हणजे लांब, 'आइका' म्हणजे काळ आणि 'साइराउस' म्हणजे आजार, अशी त्याची फोड होते; म्हणजे मराठीतील 'दीर्घकालीन आजार' या शब्दप्रयोगाची घडण आणि या फिनिश शब्दाची घडण जवळजवळ एकच आहे. तेथील आरोग्यविम्याच्या कायद्यात गंभीर आणि दीर्घकालीन आजारांवरील औषधांना विशेष परतावा मिळतो, त्यामुळे हा शब्द वैद्यकाच्या पुस्तकाइतकाच औषधाच्या दुकानातही चलनात आहे. इंग्रजीतून मराठीत आलेल्या 'क्रॉनिक' या शब्दाचे मूळही काळातच आहे, कारण तो काळ या अर्थाच्या 'ख्रोनोस' या ग्रीक शब्दापासून निघाला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या अरेटिअस या ग्रीक वैद्याने झटपट येणारे आणि दीर्घकाळ चालणारे असे रोगांचे दोन वर्ग करून त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले, आणि त्यांपैकी दुसऱ्या वर्गात मधुमेहाचे वर्णन केले. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. ते काळ सांगतात. पण त्या काळाच्या अखेरीस काय होणार, हे सांगत नाहीत.

किती काळ म्हणजे दीर्घ काळ

दीर्घ म्हणजे नेमके किती, या प्रश्नाला आधुनिक वैद्यक एकच उत्तर देत नाही. खोकला आठ आठवड्यांहून अधिक टिकला तर प्रौढ व्यक्तीत तो दीर्घकालीन मानला जातो, तर जुलाबांसाठी ही मर्यादा चार आठवड्यांची आहे. वेदना तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकल्या किंवा पुन्हा पुन्हा येत राहिल्या तर त्यांना दीर्घकालीन म्हणतात. मूत्रपिंडाच्या विकारातही बिघाड किमान तीन महिने दिसला पाहिजे, असा दंडक आहे. काविळीच्या ब प्रकाराचा विषाणू सहा महिन्यांनंतरही रक्तात आढळला तर तो संसर्ग दीर्घकालीन ठरतो. श्वासनलिकेच्या जुन्या दाहाची व्याख्या तर याहून काटेकोर आहे. लागोपाठ दोन वर्षे, प्रत्येक वर्षी किमान तीन महिने, बेडक्यासह खोकला असेल तरच ते निदान केले जाते.

हे आकडे वरवर पाहता मनमानी वाटतात, परंतु त्यांच्यामागे एक सूत्र आहे. शरीराला स्वतःहून किंवा नेहमीच्या उपचारांनी एखादे दुखणे निस्तरायला जेवढा अवधी लागतो, तो उलटून गेल्यावरही ते दुखणे शिल्लक राहिले, तर त्याची जात वेगळी आहे, असे समजले जाते. जुलाब बहुतेक वेळा काही दिवसांत थांबतात, म्हणून तेथे चार आठवडेही फार झाले. मूत्रपिंडाला आघातातून सावरायला अधिक वेळ लागतो, म्हणून तेथे तीन महिने थांबावे लागते. मधुमेहाला किंवा उच्च रक्तदाबाला मात्र अशी मर्यादाच लागू होत नाही, कारण निदान झाले त्या दिवसापासूनच हे आजार दीर्घकालीन मानले जातात. येथे काळ मागे मोजलेला नसतो, तो पुढे गृहीत धरलेला असतो. 'जुनाट' हा मराठी शब्द नेमका याच ठिकाणी अपुरा पडतो. कालच कळलेल्या मधुमेहाला 'जुना' म्हणणे सामान्य माणसाच्या जिभेवर येत नाही, आणि जो जुना नाही तो अजून बरा होण्याजोगा असला पाहिजे, असा समज त्यातून सहज निर्माण होतो.

दीर्घकालीन या शब्दाच्या विरुद्ध बाजूला मराठी वैद्यकीय लेखनात 'तीव्र' हा शब्द योजला जातो. वाई येथून प्रसिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात, ज्याचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये निघाला, रोगांचे वर्णन करताना 'तीव्र' आणि 'चिरकारी' अशी जोडी आढळते. 'चिरकारी' म्हणजे सावकाश काम करणारा, आणि शास्त्रीय परिभाषेत तो शब्द चपखल आहे. परंतु बोलण्यात तो रुजला नाही. 'तीव्र' शब्दाची अडचण वेगळी आहे. परिभाषेत तो अचानक उद्भवणाऱ्या आणि थोडक्यात संपणाऱ्या आजाराला लावला जातो, तर व्यवहारात त्याचा अर्थ जोरदार किंवा गंभीर असाच होतो. परिणामी जो आजार तीव्र नाही तो सौम्य, असा चुकीचा निष्कर्ष वाचकाच्या मनात उमटू शकतो. वस्तुतः साधी सर्दी शास्त्राच्या भाषेत तीव्र आजारात मोडते आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी करणारा विकार चिरकारी ठरतो. त्यांतील कोणता अधिक भयंकर, हे सांगायला नको.

आयुर्वेदाने ठेवलेली मधली जागा

आजाराच्या काळापेक्षा त्याच्या साध्यतेचा, म्हणजे तो उपचाराने काबूत येण्याच्या शक्यतेचा, विचार भारतीय वैद्यकपरंपरेने अधिक बारकाईने केला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोगांचे चार वर्ग सांगितले आहेत. सहज बरा होणारा तो सुखसाध्य, कष्टाने बरा होणारा तो कृच्छ्रसाध्य, समूळ बरा न होणारा परंतु उपचारांनी आटोक्यात राहणारा तो याप्य, आणि ज्यावर उपचारच चालत नाही तो प्रत्याख्येय, म्हणजे वैद्याने नम्रपणे नाकारावा असा. यांतील तिसरा वर्ग या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. 'यापन' म्हणजे घालवणे किंवा निभावणे. 'कालयापन' या शब्दात तोच धातू आहे. याप्य म्हणजे ज्याच्यासह काळ निभावून न्यायचा आहे असा आजार.

सुश्रुतसंहितेत या वर्गाचे स्वरूप एका दृष्टान्ताने स्पष्ट केले आहे. पडायला आलेल्या घराला नीट जागी टेकू लावला की ते उभे राहते, त्याप्रमाणे योग्य उपचार याप्य व्याधीच्या रुग्णाला उभे ठेवतो. आणि उपचार थांबताच रुग्ण कोसळतो, असेही तेथे बजावले आहे. या दृष्टान्तात आधुनिक वैद्यकाला दीर्घकालीन आजाराविषयी जे सांगायचे असते ते जवळजवळ सर्व आले आहे. घर दुरुस्त झालेले नाही, पण राहण्याजोगे आहे. टेकू काढायचा नाही. आणि तो कोठेही लावून चालत नाही, योग्य ठिकाणीच लावावा लागतो. प्रमेहाचे, म्हणजे ज्या रोगसमूहात मधुमेहाचा समावेश होतो त्याचे, चरकाने वीस प्रकार मानले आहेत. त्यांपैकी कफापासून होणारे दहा साध्य, पित्तापासून होणारे सहा याप्य आणि वातापासून होणारे चार असाध्य, अशी त्याची वर्गवारी आहे. आजच्या शरीरशास्त्राशी या वर्गवारीचा मेळ बसत नाही. तरीही एकाच नावाच्या आजाराचा शेवट वेगवेगळ्या रुग्णांत वेगवेगळा असतो, ही जाण त्यामागे आहे.

मराठी लोकभाषेने साध्य आणि असाध्य हे दोन शब्द उचलले. याप्य मात्र वैद्यांच्या ग्रंथांतच राहिला. त्यामुळे सामान्य बोलण्यात आजाराला दोनच वाटा उरल्या. एक तर तो बरा होतो, नाहीतर तो माणसाला नेतो. बरा न होताही वर्षानुवर्षे धड जगता येते, ही तिसरी वाट दाखवणारा सुटसुटीत शब्द रोजच्या मराठीत नाही, आणि दीर्घकालीन आजारांविषयीच्या अनेक गैरसमजांचे मूळ या उणिवेत शोधता येते.

बोलीतील जुनाट आणि अंगावर काढलेले

'जुना' हा शब्द संस्कृत 'जीर्ण'च्याच कुळातील, प्राकृत 'जुण्ण'मार्गे मराठीत आलेला आहे. 'जीर्ण'चा एक अर्थ झिजलेला असा आहे आणि दुसरा पचलेला असा. म्हणूनच न पचलेल्या अन्नाच्या त्रासाला 'अजीर्ण' म्हणतात. वैद्यकात 'जीर्णज्वर' हा शब्द रूढ आहे आणि एका प्रचलित व्याख्येनुसार तीन सप्ताह उलटूनही बारीक स्वरूपात टिकून राहिलेला ताप तो जीर्णज्वर. 'आजार' हा शब्द मात्र फारसीतून आला असून तेथे त्याचा अर्थ त्रास किंवा पीडा असा आहे. मराठीतील अशा फारसी शब्दांचा पद्धतशीर मागोवा माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन यांनी 'फार्शी-मराठी कोश' या १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात घेतला आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. 'जुनाट आजार' या रोजच्या शब्दजोडीत अशा रीतीने प्राकृत आणि फारसी या दोन्ही प्रवाहांचे पाणी एकत्र आले आहे.

कोल्हापूर, सांगली आणि सातारा या पट्ट्यात 'आजार'पेक्षा 'दुखणे' हा शब्द अधिक ऐकू येतो आणि त्याभोवती क्रियापदांचा मोठा गोतावळा आहे. दुखणे जडते, मुरते, हाडीमाशी खिळते, उलटते, बळावते. त्याला उतार पडतो, औषधाने गुण येतो. रुग्ण अंथरूण धरतो किंवा दुखणे अंगावर काढतो. यांतील 'मुरणे' हे क्रियापद लक्षणीय आहे. आजार शरीरात खोल शिरून तेथलाच होऊन जातो, ही कल्पना त्यात आहे आणि दीर्घकालीन रक्तदाबाने रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड व कठीण होत जातात, या वैद्यकीय वस्तुस्थितीच्या ती बरीच जवळ जाते. 'अंगावर काढणे' या वाक्प्रचाराला मात्र सहनशीलतेची प्रतिष्ठा चिकटलेली आहे. भांगलणीच्या किंवा ऊसतोडीच्या हंगामात दुखणे अंगावर काढणारी बाई कष्टाळू म्हणून वाखाणली जाते. थोड्या दिवसांच्या सर्दीपडशात याने फारसे बिघडत नाही. पण रक्तदाब आणि मधुमेह अंगावर काढले तर डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा त्यांची किंमत मोजतात.

दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, अशी मराठीत म्हण आहे. साथीच्या तापांच्या आणि विषमज्वराच्या काळात घडलेली ही म्हण त्या आजारांपुरती अगदी खरी आहे. माणूस एकदम आडवा होतो आणि सावरायला महिने लागतात. दीर्घकालीन आजारांची चाल मात्र याच्या नेमकी उलटी असते. ते मुंगीच्या पायाने येतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे हळूहळू वाढत असते, रक्तदाब कोणतेही लक्षण न दाखवता चढत असतो, आणि आजार आहे हे पहिल्यांदा कळते ते अनेकदा हृदयविकाराच्या झटक्यानंतर किंवा पायाची जखम महिनाभर भरली नाही म्हणून. हत्तीच्या पावलांची वाट पाहणाऱ्या समाजाला मुंगीची पावले ऐकू येत नाहीत, आणि त्यासाठीच लक्षणे नसतानाही ठरावीक वयानंतर तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा लागतो.

लांबी आजाराची की औषधाची

दीर्घकालीन असणे हा रोगाचा अंगभूत आणि कायमचा गुणधर्म आहे, असे समजणे बरोबर नाही. त्या त्या काळात कोणते औषध उपलब्ध आहे यावरही ते ठरते. या विधानाचा पुरावा कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या मिरज परिसराच्या इतिहासात सापडतो. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले आणि १९२० मध्ये जवळच क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू झाले; तो परिसर आजही वॉनलेसवाडी म्हणून ओळखला जातो. क्षयावर त्या वेळी औषध नव्हते. मोकळी हवा, सकस आहार आणि सक्तीची विश्रांती एवढाच उपचार होता, आणि त्यासाठी रुग्णाला महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, घरापासून दूर राहावे लागे. 'क्षय' म्हणजे झिजत जाणे. आजाराचे नावच त्याची संथ आणि निश्चित गती सांगत होते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागला आणि नंतर इतर औषधे आली. मद्रास येथे झालेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून, औषधे नियमित घेणारा रुग्ण घरी राहूनही आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, हे सिद्ध झाले. आज औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांत पूर्ण होतो. जो आजार एकेकाळी दीर्घकालीन आजारांचा राजा, म्हणजे राजयक्ष्मा, होता, त्याची लांबी अशी औषधाने तोडली.

कुष्ठरोगाचीही कथा अशीच आहे. त्याला मराठीत 'महारोग' असे नाव होते आणि त्या 'महा'मध्ये आजाराच्या गांभीर्यापेक्षा समाजाची धास्तीच अधिक होती. कोल्हापुरात शेंडा पार्क परिसरात कुष्ठधाम होते; बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोरा येथे स्थापन केलेल्या संस्थेच्या नावात 'महारोगी' हाच शब्द आहे. अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली आणि आता रुग्णाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत हा रोग बरा होतो. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून भारतातील व्यक्तिगत कायद्यांत २०१९ पर्यंत नोंदलेले होते. आजार संपला तरी त्याच्या नावाने निर्माण केलेली भीती किती काळ टिकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याउलट काही आजारांची लांबी औषधाने वाढवली, आणि ती वाढणे हेच वरदान ठरले. ज्या मधुमेहात शरीर इन्शुलिन बनवतच नाही, तो मुलांमध्ये पूर्वी थोड्याच काळात प्राणघातक ठरे; १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिन वेगळे करण्यात आले, १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा रुग्णाला टोचण्यात आले आणि तेव्हापासून हा आजार आयुष्यभर सोबत राहणारा झाला. एचआयव्हीच्या बाबतीतही १९९६ च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आल्यावर हेच घडले. भारतात ही औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत देण्यास सुरुवात झाली आणि ज्या निदानाकडे लोक मृत्युदंड म्हणून पाहत होते, त्याचे रूपांतर रोज गोळी घेण्याच्या शिस्तीत झाले. या उदाहरणांवरून आणखी एक घोटाळा दूर होतो. शासकीय कार्यक्रमांत वापरला जाणारा 'असंसर्गजन्य आजार' हा शब्द 'दीर्घकालीन आजार' याचा पर्याय म्हणून अनेकदा योजला जातो, परंतु एचआयव्ही संसर्गजन्यही आहे आणि दीर्घकालीनही. एक शब्द आजार कसा होतो ते सांगतो, दुसरा तो किती टिकतो ते.

कचेरीतील शब्द

शासनव्यवहारात आजाराच्या शब्दाला पैशाचे आणि हक्काचे वजन येते. महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेत क्षय, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा 'दुर्धर' आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या व्यक्तींचा समावेश केलेला आहे. 'दुर्धर' म्हणजे आवरण्यास किंवा पेलण्यास कठीण. या शब्दात काळाचा उल्लेख नाही, ओझ्याचा आहे. मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण दीर्घकालीन आजाराचा धनी असूनही सहसा या शब्दाच्या कक्षेत येत नाही, कारण तो कामावर जाऊ शकतो. आरोग्यविम्याच्या कागदपत्रांत 'पूर्वीपासून असलेला आजार' हा शब्दप्रयोग येतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ पासून अशा आजारासाठीचा प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे. पण अर्जात हा आजार नोंदवला नसेल तर दावा नाकारला जाण्याचा धोका राहतोच.

कोरोनाच्या साथीने या परिवारात एका नव्या शब्दाची भर घातली. 'सहव्याधी' हा शब्द त्यापूर्वी वैद्यकीय लेखनाबाहेर क्वचितच दिसे. २०२० मध्ये तो रोजच्या बातम्यांत येऊ लागला. महाराष्ट्र शासनाने १५ सप्टेंबर २०२० पासून राबवलेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत पथके घरोघरी जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी तपासत होती आणि घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा असे आजार आहेत का, हे विचारत होती. पुढे १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वर्षे वयाच्या लोकांना लस मिळण्यासाठी ठरवून दिलेल्या २० सहव्याधींपैकी एखादी असल्याचे प्रमाणपत्र लागू लागले. आजवर जे दडवण्याकडे कल होता, ते कागदावर मांडण्याची वेळ आली. 'सहव्याधी' या शब्दाचा एक गुण असा, की त्यातून आजाराचे सोबत राहणे ध्वनित होते. दोष असा, की मुख्य आजार दुसराच आणि हा त्याचा केवळ जोडीदार, अशी दुय्यम जागा त्याला मिळते.

केस पेपरवरचा प्रश्न

कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावरील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'सीपीआर', जिल्हाभरातील रुग्णांचा आधार आहे आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी ते संलग्न आहे. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात केस पेपर काढून रुग्ण डॉक्टरांसमोर बसला की ठरलेला प्रश्न येतो, "मामा, काही जुना आजार आहे का?" आणि अनेकदा उत्तर मिळते, "न्हाई, काय न्हाई." पिशवीतून औषधांच्या पट्ट्या बाहेर निघाल्यावर विचारणा झाली, की खुलासा होतो, "शुगर हाय, बीपीची गोळी चालू हाय. पर आजार असा काय न्हाई." हे उत्तर खोटे नसते. बोलणाऱ्याच्या लेखी आजार म्हणजे अंथरूण धरायला लावणारा, काम बंद पाडणारा प्रकार. गोळीने आटोक्यात असलेली साखर त्या व्याख्येत बसत नाही. 'शुगर' आणि 'बीपी' ही इंग्रजी नावे आजाराची नसून मोजमापाची आहेत, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. सर्वांच्याच शरीरात साखर आणि रक्तदाब असतात. ते वाढणे हा विकार. नावातून विकारच निघून गेल्यामुळे त्याचे गांभीर्यही निसटते.

या समजाचे दोन परिणाम विशेष घातक आहेत. पहिला, बरे वाटू लागले की गोळी थांबवणे. रक्तदाबाच्या गोळीने रक्तदाब आटोक्यात आला, याचा अर्थ गोळी काम करते आहे असा होतो. आजार गेला असा होत नाही. म्हणून उपचार चालू आहे की नाही, हे रुग्णाच्या वाटण्यावरून न ठरवता मोजमापावरून ठरवावे लागते. लोकभाषेत 'तीन महिन्यांची शुगर' म्हणून ओळखली जाणारी तपासणी यासाठीच आहे. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या काळात त्यांतील हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. ती किती चिकटली हे मोजले की मागील दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब हाती येतो. तपासणीच्या आदल्या दिवशी पाळलेले पथ्य या हिशेबात फारसा फरक पाडू शकत नाही.

दुसरा परिणाम पथ्याविषयीचा आहे. 'पथ्य' हा शब्द 'पथ' म्हणजे मार्ग यावरून आला असून मार्गाला अनुकूल ते पथ्य, असा त्याचा अर्थ आहे. परंतु व्यवहारात पथ्य म्हणजे औषध चालू असेपर्यंतची तात्पुरती शिक्षा, असे मानले जाते. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. मात्र मधुमेहात साखर चालत नाही पण गूळ चालतो, हा या ऊसपट्ट्यातील घराघरांत आढळणारा समज रास्त नाही. गुळातही मुख्यतः उसाचीच साखर असते आणि ती रक्तात तशीच उतरते. गुऱ्हाळावरच्या काकवीचेही तेच. पानात वरून मीठ घेण्याची सवय आणि रोजचे लोणचे-पापड रक्तदाबाच्या बाबतीत असेच नडतात. येथे आठवडाभराची अळणी भाजी उपयोगाची नाही. घरातील सर्वांच्या जेवणाची रीतच थोडी बदलावी लागते.

या अज्ञानाचा फायदा घेणारेही आहेत. गावोगावच्या भिंतींवर आणि आठवडी बाजारातील तंबूंवर जुनाट दमा, जुनाट त्वचारोग, मधुमेह 'मुळापासून' आणि 'कायमचा' बरा करण्याची हमी रंगवलेली दिसते. मधुमेहासह अनेक आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय अधिनियमाने मनाई केली आहे, तरी त्या खपतात; कारण शेवटची गोळी कोणती, हा रुग्णाचा प्रश्न असतो आणि त्याला हवेसे उत्तर केवळ हेच लोक देतात. प्रामाणिक डॉक्टर जेव्हा 'गोळी कायम घ्यावी लागेल' असे सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला तो हरल्यासारखा वाटतो. याप्य ही कल्पना लोकांच्या बोलण्यात जिवंत असती, तर हेच वाक्य हमीसारखे ऐकू आले असते.

या प्रश्नाचा आवाका मोठा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि सुमारे ३१ कोटी ५० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. इतक्या मोठ्या लोकसंख्येला ज्या अवस्थेत आयुष्य काढायचे आहे, त्या अवस्थेसाठी नेमके आणि न घाबरवणारे शब्द घडवणे हे सार्वजनिक आरोग्याचेच काम आहे. त्यासाठी नवा संस्कृत शब्द टाकसाळीतून काढण्याची गरज नाही. मराठीत 'बरे होणे' आणि 'बरे असणे' असे दोन वेगळे प्रयोग आधीपासूनच आहेत. 'बरे होणे' हा एकदा घडून संपणारा बदल आहे आणि 'बरे असणे' ही रोज टिकवायची स्थिती आहे. दीर्घकालीन आजाराचा रुग्ण पहिल्या अर्थाने बरा होत नसला तरी दुसऱ्या अर्थाने तो दहा, वीस, चाळीस वर्षे उत्तम बरा असू शकतो. शेती करू शकतो, गिरणी चालवू शकतो, नातवंडांना तालमीत नेऊ शकतो. डॉक्टरांनी, आशा सेविकांनी आणि घरातल्या माणसांनी रुग्णाशी बोलताना हा फरक स्पष्ट शब्दांत सांगितला, आणि केस पेपरवर 'जुना आजार आहे का' याऐवजी 'रोज कोणती गोळी चालू आहे' असे विचारले, तर निम्मा घोटाळा तेथेच मिटेल. उरलेला निम्मा मिटवण्यासाठी नियमित मोजमाप, परवडणारे औषध आणि ते कधीही न सोडण्याची समजूत लागते, आणि त्या समजुतीची सुरुवात योग्य शब्दापासून होते.